धान्याचं कार्ड, कॅन्सरचा कागद

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ किंवा पाळी गेल्यावर पुन्हा सुरू झालेलं अंगावरचं जाणं घेऊन जालना जिल्ह्यातून निघालेला गरीब रुग्ण बहुधा इथं येऊन पोचतो. तपासणी होते, तुकडा काढला जातो, रिपोर्ट येतो. मग डॉक्टर नातेवाइकांना आरोग्यमित्राच्या टेबलाकडे पाठवतात. तिथं गेली दहा-बारा वर्षं पहिला प्रश्न ठरलेला आहे: रेशनकार्ड आणलंय का?

गहू, तांदूळ आणि साखरेसाठी काढलेल्या कार्डाचा जबड्याच्या ऑपरेशनशी काय संबंध, हे त्या टेबलाशी कुणी विचारत नाही. विचारायला उसंतही नसते. पण हा संबंध आपोआप जुळलेला नाही. वेगवेगळ्या सरकारांनी वेगवेगळ्या गरजेपोटी घेतलेल्या निर्णयांतून तो घडत गेला आणि प्रत्येक निर्णयाबरोबर जालन्यातले काही रुग्ण दाराच्या आत आले, काही उंबऱ्यावर राहिले. म्हणून या कार्डाचा माग काढायचा.

आधी कार्ड नसतानाचा काळ. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी मीटरगेज रेल्वे जालन्यावरून धावू लागली, पण कॅन्सरसाठी ती कुठं न्यायची? मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं ते २८ फेब्रुवारी १९४१ ला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले आणि त्यांच्या न्यासाने हे रुग्णालय उभं केलं. हैदराबादेत मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने रेडियम उपचाराची संस्था सुरू झाली ती १९५५ मध्ये. जालन्याचा माणूस त्या वेळी हैदराबाद राज्याचा रहिवासी होता. म्हणजे ती त्याच्या स्वतःच्या राज्याची संस्था. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद परराज्यात गेलं. भाषेच्या न्यायाने ते योग्यच होतं आणि लोकांना हवंही होतं. तरी रुग्णाच्या नकाशात त्या निर्णयाने मोठा बदल केला. मराठवाड्याची राजधानी आता मुंबई होती आणि कॅन्सरची पायवाटही मुंबईकडेच वळली.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५६ मध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं. सगळा मराठवाडा ज्याला ‘घाटी’ म्हणतो ते हेच. त्याने पुष्कळ रोगांची सोय केली. कॅन्सरला मात्र पुढची अनेक दशकं एकच उत्तर राहिलं: टाटाला न्या. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्यामुळे गरिबाला तिथं दारं उघडी होती. पण परळपर्यंत पोचायचं, तिथं फुटपाथवर किंवा एखाद्या धर्मशाळेत महिना-दोन महिने काढायचे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवायची, हा खर्च कुठल्याच खात्याच्या हिशेबात नव्हता. रुळांची रुंदी वाढली ती १९९० च्या दशकात. तोवर मनमाडला गाडी बदलावी लागे, आणि अंगात त्राण नसलेल्या रुग्णाला पूल चढवून दुसऱ्या फलाटावर नेणं हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. आपल्याकडे ‘टाटाला नेलं’ हे वाक्य ऐकलं की घरातल्या बायका डोळ्याला पदर का लावत, त्याचं अर्धं कारण रोगात होतं आणि अर्धं या प्रवासात.

आता कार्डाकडे. शहरी रेशनिंग आपल्याकडे आलं दुसऱ्या महायुद्धात. मुंबईत ते १९४३ मध्ये सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर दुष्काळ आणि टंचाई यांनी ते टिकवलं, खेड्यापर्यंत पसरवलं. सुरुवातीच्या कल्पनेत गरीब-श्रीमंत असा भेद मुख्य नव्हता. धान्य कमी आहे, सगळ्यांना मापून द्यायचं, एवढंच. भेद आला १९९७ मध्ये, केंद्राने लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली तेव्हा. महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तीन रंगांची शिधापत्रिका सुरू केली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला पिवळं कार्ड, १५ हजारांच्या वर पण एक लाखाच्या आत केशरी, एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पांढरं. (जालना जिल्हाही १ मेचाच, १९८१ चा, आणि याच तारखेला पुढं आणखी एक गोष्ट घडणार आहे.)

हे रंग ठरवताना मंत्रालयात कुणाच्याही मनात केमोथेरपी नव्हती. प्रश्न होता साखर कुणाला आणि रॉकेल किती लिटर याचा. खेड्यात तर पुष्कळांनी हे कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून काढलं, रहिवासासाठी काढलं, आणि उत्पन्नाचा आकडा तलाठ्याने किंवा दुकानदाराने विचारला तसा सांगितला. ज्याच्याकडे तेव्हा चार एकर बागायत होती त्याने अभिमानाने पांढरं कार्ड घेतलं. धान्याची गरज नव्हती, मग रंगाची फिकीर कशाला? पंधरा वर्षांनी, मोसंबीची बाग वाळून गेल्यावर, त्याच रंगाने त्याला दवाखान्यात अडवलं.

राज्याची पहिली जीवनदायी योजना १९९७ ची. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा महागड्या उपचारांसाठी मदत देणारी. कॅन्सरही तिच्या कक्षेत आला. ती अर्जाची योजना होती. रुग्णालयाचं कोटेशन घ्यायचं, दारिद्र्यरेषेचा दाखला जोडायचा, जिल्हा शल्यचिकित्सकांची शिफारस मिळवायची आणि मंजुरीची वाट पाहायची. हृदयाच्या झडपेचा रोगी कधीकधी थांबू शकतो. जिभेचा कॅन्सर थांबत नाही. दोन महिन्यांत तो मानेच्या गाठींत उतरतो आणि आधी जे ऑपरेशनने निघालं असतं ते निघण्यापलीकडे जातं. योजनेत कॅन्सरचं नाव असणं आणि योजनेच्या गतीत कॅन्सरचा विचार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला या जुन्या योजनेकडे पाहून ठामपणे वाटतं. तिने माणसं वाचवली, यात शंका नाही. पण तिच्यापर्यंत पोचायला कागद समजणारा, मुंबईला चकरा मारू शकणारा, आमदारांच्या पीएला फोन करू शकणारा कुणीतरी घरात असावा लागे.

नवी कल्पना आली ती हैदराबादेतून, ज्या शहराकडे जालन्याने १९५६ मध्ये पाठ फिरवली होती तिथूनच. आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने २००७ मध्ये आरोग्यश्री सुरू केली. अर्ज आणि अनुदान यांच्या जागी तिने विमा, पॅकेज आणि रोखीविना उपचार आणले. रुग्णालयात बसून रुग्णाचे कागद करून देणारा आरोग्यमित्रही तिथलाच. महाराष्ट्राने हा साचा घेतला आणि २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. राष्ट्रीय विमा कंपनीला सरकारने भरायचा हप्ता कुटुंबामागे ३३३ रुपये. साडेनऊशेच्या वर उपचार, त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन.

पात्र कोण, हे ठरवताना नवी यादी करण्यात वर्षं गेली असती. राज्यात घराघरांत आधीच एक कागद होता, त्यावर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं होती आणि त्याला रंग होता. पिवळं आणि केशरी कार्ड आत, पांढरं बाहेर. धान्याच्या दुकानासाठी आखलेली रेषा अशी ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन उभी राहिली. एका अर्थी ही शहाणपणाची निवड होती. पिवळ्याबरोबर केशरी घेतल्यामुळे राज्यातली बहुसंख्य कुटुंबं एका फटक्यात आत आली; कोटेशन संपलं, शिफारस संपली. जीवनदायीत अर्जदार असलेला माणूस इथं हक्कदार झाला. हा फरक मोठा आहे, आणि योजनेवर टीका करताना आपण तो विसरतो.

पण पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. मराठवाड्यातलं फक्त नांदेड. जालना त्यात नव्हतं. उरलेल्या जिल्ह्यांना योजना लागू झाली २१ नोव्हेंबर २०१३ ला. योगायोग असा की २०१२ मध्येच औरंगाबादला कर्करोग रुग्णालय सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या जुलैत राज्याने गुटख्यावर बंदी आणली. म्हणजे मराठवाड्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर सरकारने त्या एका वर्षात दोन बाजूंनी हात घातला होता. तिसरी बाजू, पैशाची, जालन्याला जवळजवळ सतरा महिने उशिरा मिळाली. जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या आणि नांदेडच्या दोन शेतमजुरांना एकाच महिन्यात एकच रोग निघाला असेल, तर एकाचा उपचार योजनेत आणि दुसऱ्याचा सावकाराकडे. टप्प्याटप्प्याने राबवणं ही प्रशासनाची गरज असते हे मान्य. रोगाला मात्र टप्पे वेगळे असतात.

योजना आल्यावर कार्डावरच्या नावांना नवी किंमत आली, आणि इथं थोडं रेंगाळायला हवं. कारण धोरणाचा कागद आणि घरातली वस्तुस्थिती यांची खरी गाठ इथं पडते.

कार्डावर नाव असेल त्यालाच लाभ. आता खेड्यातल्या घराचा विचार करा. मुलीचं लग्न झालं की माहेरच्या कार्डावरून तिचं नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि सासरच्या कार्डावर नाव चढवायचं. कित्येक घरांत पहिलं होतं, दुसरं राहून जातं. धान्य तेवढंच येतं म्हणून कुणी धावपळ करत नाही. मग पस्तिशीतल्या बाईच्या स्तनात गाठ निघते आणि लक्षात येतं की ती कुठल्याच कार्डावर नाही. म्हातारी आई धाकट्याच्या कार्डावर असते आणि राहते थोरल्याकडे. धाकटा पुण्याला कंपनीत असतो आणि मूळ कार्ड त्याच्या खोलीत. भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, पण विभक्त कार्ड काढलेलं नाही. कार्ड आहे पण ऑनलाइन चढलेलं नाही, बारा अंकी नंबर मिळत नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर गावात नसतं, आणि दुरुस्तीसाठी तहसीलच्या पुरवठा विभागात तर गावीच यावं लागतं. घनसावंगी, अंबड, मंठा या तालुक्यांतून किती माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात हे जालन्याला सांगायला नको.

हे सगळं निस्तरता येतं. निस्तरलंही जातं. पण त्याला लागतात दिवस, आणि त्या दिवसांत रुग्ण एकतर वाट पाहतो किंवा पदरचे पैसे घालून उपचार सुरू करतो. एकदा पदरचे घातले की ते परत मिळत नाहीत, कारण योजना रोखीविना आहे. झालेला खर्च ती भरून देत नाही. म्हणून माझ्या मते गावातल्या आशाताईने वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येक बाईला एवढंच विचारावं, की तुझं नाव कुठल्या कार्डावर आहे. हा प्रश्न कुठल्याही तपासणीइतकाच मोलाचा आहे.

पॅकेजच्या आत काय आणि बाहेर काय, हेही समजून घ्यायला हवं. दीड लाख ही रक्कम माणसाची नव्हती, कुटुंबाची होती. सासऱ्यांच्या हृदयात त्याच वर्षी स्टेंट बसवला असेल तर सुनेच्या केमोला उरलेल्यातून भागवायचं. पॅकेजमध्ये उपचार, जेवण आणि घरी परतण्याचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं होतं. घरी परतण्याचं, एकवेळचं. ऑपरेशनसाठी हे ठीक आहे. रेडिएशनचं गणित निराळं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधारण २५ वेळा, डोक्या-मानेच्या कॅन्सरला ३० ते ३५ वेळा शेक घ्यावा लागतो. आठवड्याचे पाच दिवस, पाच ते सात आठवडे. यंत्राखाली काही मिनिटं, आणि त्या मिनिटांसाठी जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर. मंठ्याहून आधी जालन्यापर्यंतच तास-दीड तास. एसटीत कर्करुग्णाला तिकिटात मोठी सवलत आहे, पण सोबतच्याची मजुरी, बाहेरचं जेवण आणि घशाला जखमा झालेल्या माणसाने उन्हाळ्यात बसमधून उभं जाणं यांना सवलत नसते. रेडिएशन अर्ध्यावर सोडणारे रुग्ण निष्काळजी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रवास एका वैशाखात करून पाहावा.

पांढऱ्या कार्डाची कोंडी आधी शेतकऱ्यांपुरती सुटली. त्याची मुळं आत्महत्यांच्या नोंदीत आहेत. केंद्राने २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं होतं. त्यांत मराठवाड्याचे आठ मिळवून चौदा आपत्तिग्रस्त जिल्ह्यांची यादी तयार झाली. २०१५ मध्ये या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देण्याचा निर्णय झाला, आणि पुढे याच जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून आरोग्य योजनेत घेतलं गेलं. वाळलेल्या मोसंबीवाल्याला दार उघडलं ते असं. पण त्याच गावातला शिंपी, किराणा दुकानदार, शिकवणी घेणारा मास्तर किंवा जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यातला कामगार, ज्याचं कार्ड पांढरं आणि नावावर गुंठाही नाही, तो बाहेरच राहिला. केशरी कार्डाची एक लाखाची मर्यादा १९९९ पासून हललेली नव्हती. पंचवीस वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली. महिना नऊ हजार मिळवणारा माणूस कागदावर सुखवस्तू ठरत राहिला.

नंतरचे बदल भराभर आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली, कुटुंबाला पाच लाखांची. पण तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणनेवरून केलेली. त्यामुळे महाराष्ट्रात दोन पंक्ती बसल्या: यादीत नाव असलेल्या ८३ लाखांवर कुटुंबांना पाच लाख, बाकी केशरीवाल्यांना दीड लाख. शेजारच्या दोन घरांत एकाच रोगाला दोन मर्यादा. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या, तरी हा भेद राहिलाच.

आणि मग तो १ मे. वर्ष २०२०, कोविडची टाळेबंदी. राज्याचे आरोग्यमंत्री होते राजेश टोपे, घनसावंगीचे आमदार. महाराष्ट्र दिनी जालन्यातूनच त्यांनी जाहीर केलं की ही योजना आता राज्यातल्या सगळ्यांसाठी, पांढऱ्या कार्डालाही. रंगाची अट जी १ मे १९९९ ला जन्मली, ती २१ वर्षांनी त्याच तारखेला पहिल्यांदा सगळ्यांसाठी शिथिल झाली. निमित्त साथीचं होतं आणि सवलत मुदतीची, पण एकदा सगळ्यांना आत घेऊन पाहिल्यावर पुन्हा बाहेर काढणं अवघड असतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती कायमची झाली: कार्ड कुठल्याही रंगाचं असो, पाच लाखांचं संरक्षण, १,३५६ उपचार. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर केंद्राने सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानमध्ये घेतलं. सातबाऱ्याची गरज संपली. दीड लाखात केमोची सहा-आठ सायकल्स कशी बसवायची, याचा घोर पुष्कळ घरांतून गेला. हे यश मोठं आहे आणि ते मोकळेपणाने यश म्हणायला हवं.

कार्ड मात्र गेलं नाही. रंग गेला, नावाची अट राहिली. आयुष्मान कार्ड काढायलाही बहुतेकांना रेशनकार्डाचा ऑनलाइन नंबर लागतो. पुरवठा विभागाची पायरी अजून चढावीच लागते.

या सगळ्या वाटचालीत पैसा गेला तो उपचाराच्या मधल्या तुकड्याला. दोन टोकं उघडी राहिली.

पहिलं टोक निदानाच्या आधीचं. योजनेचं पॅकेज सुरू होतं रोग सिद्ध झाल्यावर. त्याआधीची सोनोग्राफी, सीटी, तुकड्याची तपासणी, गावच्या डॉक्टरकडे घालवलेले तीन महिने, हा खर्च बहुतेक घरचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत केल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. पण घाटी आणि कर्करोग रुग्णालय हे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तो निर्णय त्यांना लागू नव्हता. सिव्हिलमध्ये फुकट झालेली तपासणी पुढे पाठवल्यावर पुन्हा पैसे भरून करायची, सरकारी कमी दराने का होईना, हे मंठ्याच्या माणसाला कुठल्या शब्दांत समजवायचं? त्याच्या लेखी सरकार एकच आहे.

लवकर शोधण्याचं ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ४९७ गावांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. वय ३० ते ५९. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले. ज्या गटाची चाचणी झालीच नाही, त्या ३१,४८८ मध्ये ६४. चाचणीविना ठेवलेल्या त्या गटावरून पुढे वैद्यकीय नीतीचा वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मराठवाड्यातल्या खेडुत बायकांच्या अंगावर सिद्ध झालेलं हे ज्ञान जगभरच्या तपासणी कार्यक्रमांनी वापरलं. जालन्याच्या खेड्यात मात्र तपासणी म्हणजे तिशीपुढच्या बाईला आरोग्यवर्धिनी केंद्रात बोलावून ॲसिटिक ॲसिड लावून पाहणं, तेही नर्स प्रशिक्षित असेल आणि बाईला त्या दिवशी खुरपणी नसेल तर. पाच लाखांचं कार्ड सगळ्यांच्या हाती देणाऱ्या राज्याने एचपीव्ही चाचणी आपल्याच लेकींना अजून सरसकट का देऊ नये, याचं पटणारं उत्तर मला सापडत नाही.

दुसरं टोक बरं झाल्यानंतरचं. जुन्या पॅकेजमध्ये सुटी झाल्यावर दहा दिवसांची औषधं होती. आयुष्मानमध्ये पंधरा दिवसांची. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाचं आयुष्य या दिवसांपुढे सुरू होतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षं. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरला इमॅटिनिब कित्येकदा जन्मभर; ते परवडण्याजोगं राहिलं ते १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे, ज्याने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणीला जायचं. ही तपासणी म्हणजे भरती नव्हे, ऑपरेशन नव्हे. भरती आणि शस्त्रक्रिया मोजणाऱ्या योजनेत तिला जागा तोकडी.

मग हा माणूस दुसऱ्या खात्यांची दारं ठोठावतो. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्ण बसतो. तिची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची. आज खुरप्याच्या मजुरीवरही ते बसत नाही. दाखला देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खोटं लिहायला लावणारी ही अट आहे. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात स्वरयंत्र काढल्यामुळे गेलेली वाचा धरली आहे. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजून कापूस वेचता न येणाऱ्या बाईला असं नाव घेऊन दिलेलं स्थान त्यात नाही. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली. कर्करुग्णांची राहिली, स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफी, पण उपचार किंवा तपासणीला जाण्यापुरती आणि रुग्णालयाच्या दाखल्यावर. जालन्याहून मुंबईला सर्वांत लवकर पोचवणारी वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली; त्या गाडीत कुठलीच सवलत चालत नाही.

आता पुढचा बदल दाराशी आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत केमोसाठी डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी उतरला आणि राज्य मंत्रिमंडळाने त्रिस्तरीय कर्करोग सेवेचं धोरण मंजूर केलं. जालन्याला ९ ऑक्टोबर २०२४ पासून स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे प्रश्न कार्डाच्या रंगाकडून किलोमीटरकडे सरकला आहे, आणि तो सोडवण्याची जागा जिल्ह्यातच तयार होते आहे.

ते केंद्र उभं राहील तेव्हा जालन्याने तीन गोष्टी मागून घ्याव्यात. सलाईन लावण्याच्या खाटांबरोबर आठवड्यातला एक दिवस बरे झालेल्यांच्या तपासणीला राखून ठेवावा आणि टॅमॉक्सिफेनसारख्या वर्षानुवर्षं लागणाऱ्या गोळ्या तिथंच मिळाव्यात. महाविद्यालय शिक्षण खात्याचं आणि सिव्हिल आरोग्य खात्याचं म्हणून केसपेपरचे दोन नियम होऊ नयेत. आणि पुरवठा विभागाचा एक कारकून, नाव चढवण्याच्या अधिकारासकट, त्या केंद्रातच बसवावा.